बुधवारचा डाव

विजयसिंह दादांच्या सावलीला तानाजीची उभी जवानी गेली होती. गाडीत दादांच्या शेजारी कुणी बसायचं, कुणाच्या लग्नाला दादांनी स्वतः जायचं आणि कुणाकडं नुसता आहेर धाडायचा, मयतीला किती वेळ थांबायचं, हे सगळं तानाजी ठरवायचा. नेकनूरच्या पट्ट्यात लोक त्याला दादांचा कान म्हणायचे. म्हणून दादांच्या आयुष्यात आपल्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे हे त्याला कळलं, तेव्हा भाकरीत खडा लागावा तसं झालं.

ती गोष्ट म्हणजे बुधवारची दुपार. दर बुधवारी जेवण उरकलं की दादा बीडला निघायचे. "कोर्टात काम हाय," म्हणायचे. कोर्टाच्या फाटकापाशी उतरायचे, गाडी परत धाडायचे आणि फोन बंद करायचे. ज्या माणसाचा फोन अंघोळीलासुद्धा बाहेर दांडीवर ठेवलेला असायचा, तो माणूस अख्खी दुपार फोन बंद ठेवतो? आणि संध्याकाळी परत येताना चेहरा असा, जणू कुणी पाय चेपून दिलेत.

एक दिवस वनमालावहिनींनीच त्याला पडवीत थांबवलं. दादांची बायको, पण राजकारणात दादांपेक्षा चार पावलं पुढं बघणारी.

"तानाजी, जमिनीची केस तर मागच्या साली निकाली निघाली. मग कोर्टात काय काम असतं ओ यांचं?"

"मला न्हाई ठाऊक, वहिनी."

"तुमाला न्हाई ठाऊक?" वहिनींनी नुसतं बघितलं. "झेडपीचं इलेक्शन तोंडावर आलंय. लक्ष ठेवा."

पुढच्या बुधवारी तानाजीनं मोटारसायकल काढली आणि गाडीच्या मागं बरंच अंतर सोडून बीड गाठलं. दादा कोर्टापाशी उतरले, पण आत गेले नाहीत. रस्ता ओलांडून त्यांनी ऑटो धरला. ऑटो बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, हरिओम सरांच्या कोचिंग क्लासपाशी थांबला. दुपारी क्लास बंद असतो. जाळीचा दरवाजा अर्धा ओढलेला, आत पोरं नाहीत, सायकली नाहीत. दादा वाकून आत शिरले आणि जिना चढून गेले.

तानाजी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या सावलीला उभा राहिला. एक चहा झाला. दुसरा ऑटो आला. त्यातून डोक्याला उपरणं गुंडाळलेला एक माणूस उतरला, आजूबाजूला बघून वाकला आणि त्याच जाळीतून आत गेला. उपरण्यातून चेहरा दिसला नाही, पण ती डाव्या पायावर जरा झुकणारी चाल तानाजीनं शंभर सभांत स्टेजवर चढताना बघितली होती. आप्पाराव!

आप्पाराव म्हणजे दादांचा हाडवैरी. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातून वर आलेला, साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेला. त्याच्या आणि दादांच्या माणसांनी एकमेकांच्या लग्नाच्या पंगती टाळल्या होत्या. बांधावरून काठ्या निघाल्या होत्या. आणि ते दोघं भरदुपारी एका बंद क्लासमध्ये?

त्यानं चप्पल हातात घेतली आणि जिना चढला. वरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून पंख्याची घरघर आणि मध्येच एकेक आवाज.

"एक बदाम." हा आप्पाराव.

"पास." हे हरिओम सर असणार.

"दोन बदाम." हे दादा.

"पास." बाईचा आवाज. उज्ज्वला वकील. दादा आणि आप्पारावांच्या जमिनीच्या केसमध्ये तडजोड घडवून आणणाऱ्या बाई.

"चार बदाम." परत आप्पाराव.

मग तीनदा "पास". मग काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज, आणि उज्ज्वलाबाई हसून म्हणाल्या, "चला विजयसिंह, आज डमी तुम्ही. आता तुम्ही काही बोलायचं नाही. आप्पाराव सांगतील तसं."

"बरं," दादा म्हणाले. नुसतं "बरं"!

तानाजीनं भिंतीला हात टेकला. पत्ते असतील, हे त्यालाही कळत होतं. रमी त्यानंही खेळली होती, तीन पत्तीत एकदा हातातलं घड्याळ घालवलं होतं. पण रमीत कुणी असं बोलत नाही. आणि डमी म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. इलेक्शनमध्ये डमी उभा करतात. नाव याचं, मतं याच्या नावावर फुटणार, आणि निवडून दुसराच येणार. दादा डमी. आप्पाराव सांगतील तसं. चार बदाम म्हणजे झेडपीचे चार गट तर नव्हेत? पत्ते नुसते दाखवायला ठेवलेत, व्यवहार दुसराच चाललाय.

तो खाली उतरला, आणि चप्पल हातातच राहिली हे त्याला डांबर पायाला भाजलं तेव्हा कळलं.

वहिनींना काय सांगावं हे त्याला सुचेना. म्हणून त्यानं ते सटवाला सांगितलं. सटवा म्हणजे दादांच्या गटातला जुना कार्यकर्ता, तानाजीचा लंगोटीयार. नेकनूरच्या स्टँडवरच्या हॉटेलात दोघं बसले.

"खरं सांगतो का बे?" सटवा बशीतला चहा तसाच धरून बसला.

"कानानं ऐकलं. डमी म्हणाली बाई. आन दादा बरं म्हणाले."

"मंग आमी कावून मरायलो यांच्यासाठी?"

"कुणाला बोलू नको पण."

सटवा कुणाला बोलला नाही. फक्त भावाला बोलला, आणि भावाच्या सोयऱ्याला. दोन दिवसांत बाजारात शेपू विकणाऱ्या छबुबाईनंही तानाजीला विचारलं, "काय रं, तुझा दादा इकला गेला म्हनं?"

आठवडा संपायच्या आत दादांच्या वाड्यावर नाही, तर मारुतीच्या पारावर माणसं जमली, हेच वाईट चिन्ह होतं. वाड्यावर माणसं मागायला येतात, पारावर जाब विचारायला. दादा आले. पांढरा शर्ट, हात मागं बांधलेले. तानाजी त्यांच्या जरा मागं उभा राहिला, नेहमीसारखा.

एका म्हाताऱ्यानंच तोंड फोडलं. "दादा, आप्पारावला भेटता का तुमी?"

नाही म्हणतील, तानाजीच्या मनात आलं. नाही म्हणाले की मी पण शपथ घेईन.

"भेटतो," दादा म्हणाले. "दर बुधवारी."

म्हातारा पुढं सरकला.

"काय करता?"

"पत्ते खेळतो. ब्रिज नावाचा खेळ हाय. पैसे न्हाईत, दारू न्हाई, राजकारण न्हाई. चार माणसं लागतात. आप्पाराव माझा जोडीदार हाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. शिव्या दिल्या असत्या तर दादांना त्याचं उत्तर ठाऊक होतं. हसण्याचं नव्हतं. "जोडीदार हाय म्हनं!" मागून आवाज आला, आणि माणसं दोन-दोन, तीन-तीन करून उठून गेली.

परत येताना दादा गाडीत मागं नाही, पुढं बसले, तानाजीच्या शेजारी. मग म्हणाले, "जिन्यात तू होतास ना रं?"

तानाजीनं गिअर बदलला. "व्हय, दादा."

"वर का न्हाई आलास?"

तानाजीनं गाडी वाड्यासमोर आणून थांबवली, आणि दादांनी दार उघडलं.

"या बुधवारी ये. डोळ्यानं बघ. मंग ज्याला जे सांगायचं ते सांग."

बुधवारी तानाजी वर गेला. खोली साधी होती. फळ्यावर आदल्या रात्रीची गणितं तशीच. चार बाकं जोडून टेबल केलेलं, वर हिरवी चादर. दादांच्या समोर आप्पाराव, उज्ज्वलाबाईंच्या समोर हरिओम सर. जोडीदार शेजारी बसत नाहीत, समोरासमोर बसतात. आप्पारावांनी तानाजीकडं बघून नुसती मान हलवली. तानाजीनं ती घेतली नाही.

तो दादांच्या मागं स्टुलावर बसला आणि पत्त्यांकडं न बघता आप्पारावांकडं बघत राहिला. कान खाजवतो का. कोणत्या बोटानं पान धरतो. खोकतो का. गावात जुगार खेळणाऱ्यांच्या सगळ्या खुणा त्याला पाठ होत्या. एक डाव, दुसरा डाव. आप्पाराव दगडासारखे बसले होते. एकदा शिंकले तेव्हा तानाजी स्टुलावर ताठ झाला, पण त्यानंतर दादांनी नुसतं "पास" म्हटलं.

तिसऱ्या डावात आप्पाराव म्हणाले, "एक नो ट्रम," म्हणजे हुकमाचा रंगच नको. हरिओम सर पास. दादा म्हणाले, "दोन किलवर."

तानाजीनं वाकून बघितलं. ज्याच्या हातात जो रंग जास्त तो तो बोलतो, एवढं त्याला एव्हाना कळलं होतं, आणि दादांच्या हातात किलवरचं एकच पान होतं. तेही दुरी. सापडलं! खोटं बोलले. ही खूण हाय.

तेवढ्यात उज्ज्वलाबाईंनी आप्पारावांना विचारलं, "या दोन किलवरचा अर्थ काय?"

आणि आप्पारावांनी सरळ सांगून टाकलं. "त्यांना किलवर न्हाई पाहिजे. ते विचारायलेत, माझ्याकडं बदामची न्हाईतर इस्पिकची चार पानं हायेत का."

तानाजीला राहवलं नाही. "म्हंजे? आपली खूण आपणच समोरच्याला सांगायची?"

"विचारलं की सांगावीच लागते," बाई म्हणाल्या. "नियमच आहे. जोडीदारांत जे ठरलेलं असेल ते सगळ्यांना कळलं पाहिजे. गुपचूप ठरवलं तर ती चोरी."

तानाजीनं पारावरची, पंचायतीची, कारखान्याची, पक्षाची, अशी जन्मात बघितलेली सगळी ठरवाठरवी आठवून बघितली. असा नियम त्यातल्या एकाही जागी नव्हता. त्याला हा नियमच संशयास्पद वाटला. इतकं सरळ काही असतं का?

डाव आप्पारावांकडं गेला. दादांनी आपली तेरा पानं टेबलावर उलगडून मांडली, रंगारंगाप्रमाणं ओळीत, राजे, राण्या, सगळी उघडी. आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले. आप्पाराव सांगतील ते पान दादा पुढं सरकवत होते. यालाच डमी म्हणतात, हे तानाजीला आता दिसलं. कान गरम झाले. एवढ्यासाठी मी गाव पेटवलं. तरी आतला किडा वळवळत होताच. दादा कधी कुणापुढं एवढे उघडे बसलेत? माझ्यापुढं?

परतीच्या वाटेवर त्यानं विचारलं, "दादा, काय गोडी हाय यात?"

दादांनी काच खाली केली. मांजरसुंब्याच्या घाटातलं वारं आत आलं.

"केसच्या तारखा पडत होत्या तवा बाईंच्या हापिसात आमी दोघं तोंडं फिरवून बसायचो. बाईंच्या वडलांनी त्यांना हा खेळ शिकवलेला. एक दिवस त्यांनी आमाला बळंच बसवलं. तान्या, रमीत तू एकटा असतोस. तीन पत्तीत समोरच्याला बनवायचं असतं. हितं समोर एक माणूस बसलेला, त्याची पानं तुला दिसत न्हाईत, तुजी त्याला न्हाईत. दोन-चार शब्द बोलायची परवानगी. तेवढ्या शब्दांवर त्यानं तुजा हात ओळखायचा आन तू त्याचा. आन जवा ते जुळतं ना..." त्यांना शब्द सापडेना. "मला दिवसभर पन्नास माणसं भेटतात. एकाच्या बी बोलण्यावर मी विसंबत न्हाई. तुज्या बी न्हाई. हे आता तुला बी कळलं, मला बी कळलं. पण तो आप्पाराव एक बदाम म्हणला, की असतातच बदाम."

"तुज्या बी न्हाई" हे शब्द घाट संपेपर्यंत कानात राहिले.

त्यानं आग विझवायचा प्रयत्न केला. सटवाला हॉटेलात गाठून सगळं समजावलं. किलवर, इस्पिक, नो ट्रम.

सटवानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "तुला काय देऊ केलं बे त्यांनी?"

"सटवा!"

"न्हाई, मागच्या हप्त्यात तू म्हणालास डमी. आता म्हणतोस खेळ. मधल्या बुधवारी तू बी वर गेलतास. झेरॉक्सवाल्यानं बघितलंय."

तेव्हापासून तानाजी हॉटेलात शिरला की बोलणी थांबायची.

इलेक्शन लागलं. दादा आणि आप्पाराव झेडपीच्या एकाच गटातून समोरासमोर उभे राहिले. बुधवार बंद झाला. तानाजी डोळ्यांत तेल घालून बघत होता: आप्पाराव कुठं ढिला पडतो का, दादांच्या गावांत सभा टाळतो का, कुठंतरी काही ठरलेलं निघतं का. नाही. आप्पाराव वाडीवस्तीला दोनदा फिरले. दादांनीही कसर ठेवली नाही, आप्पारावांच्या कारखान्यातल्या कारभारावर तोंडसुख घेतलं.

मग नेकनूरच्या बाजारतळावरच्या सभेत आप्पारावांनी माईक हातात घेतला. गर्दीत मागं तानाजी होता.

"तुमचे नेते म्हणतात, आमचं वैर हाय," आप्पाराव म्हणाले. "पण विचारा त्यांना, दर बुधवारी माझ्यासमोर पत्ते मांडून कोण बसायचं? अन माझ्या हुकमानं पानं कोण सरकवायचं?"

हशा उसळला. शिट्ट्या पडल्या. तानाजीला वाटलं, स्टेजवर चढून त्याच्या नरड्याला धरावं. आणि त्याच वेळी मनात कुठंतरी गार वाटलं. बघा दादा. हा तुमचा बदामवाला.

त्यानं जसंच्या तसं जाऊन सांगितलं. दादा पानाला चुना लावत होते. बोट तिथंच थांबलं.

"हसले का लोक?"

"लई हसले."

दादांनी पान तसंच तबकात ठेवून दिलं आणि उठून आत गेले.

दादा पडले. फार मतांनी नाही, पण पडले. जिंकते तर लोक म्हणाले असते, आप्पारावानं मुद्दाम सोडलं. पडले तर म्हणाले, बघा, ठरलेलंच होतं. वनमालावहिनी तानाजीशी बोलायच्या बंद झाल्या. वाड्यासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्या हळूहळू कमी झाल्या. बुधवार यायचे, दादा जेवून झोपायचे. झोपायचे म्हणजे छताकडं बघत पडायचे.

असाच एक बुधवार. ऊन कलत होतं. वाड्यासमोर एक गाडी थांबली. गाडीतून उज्ज्वलाबाई उतरल्या, आणि मागून आप्पाराव. डोक्याला उपरणं नाही, तोंड उघडं, भर गावात. पोरं धावली. समोरच्या ओट्यावर सटवा आणि चारजण उभे राहिले.

तानाजी दारात आडवा झाला. "काय पाहिजे?"

"विजयसिंह हायेत का?"

"झोपलेत."

"न्हाई झोपलेला," आतून आवाज आला. दादा बाहेर आले. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. तानाजीला वाटलं, आता फटाका वाजणार.

"सभेत बोलायला नको होतं मी ते," आप्पाराव म्हणाले. खाली नाही, दादांच्या डोळ्यांत बघून. "मतं मिळाली त्यानं. पण बोलायला नको होतं."

"मला संधी असती तर मी बी बोललो असतो," दादा म्हणाले.

"तुमी न्हाई बोलला असता."

दादा बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. सभेतला माणूस कोणता आणि हा कोणता, हे जणू तपासत होते. तानाजीही तेच तपासत होता. माफी मागायला आला का काही काढायला आला? आता सत्ता त्याची, गरज कुणाची?

"हरिओम सर न्हाई आले?" दादांनी विचारलं.

"परीक्षा आहेत, सर आता फार अडकलेत," बाई म्हणाल्या. "चौथा नाही आपल्याकडं."

दादांनी मान वळवली. "तान्या, चटई टाक. ओट्यावर टाक, सगळ्यांना दिसंल अशी."

"मला न्हाई येत, दादा."

"बघून बघून जेवढं आलंय तेवढं खेळ."

"आप्पाराव आन मी?" तो घाबरून म्हणाला.

"न्हाई. बाई आन आप्पाराव एकीकडं. माज्यासमोर तू बस."

वहिनींनी चहा पाठवला, पण स्वतः दारातून हलल्या नाहीत. पानं वाटली गेली. तानाजीनं आपली तेरा पानं उघडली. हात बरा होता असं त्याला वाटलं, इस्पिकचा राजा होता, गुलाम होता. ओट्याखाली माणसं जमत होती. गप्प बसलो तर सगळ्यांना वाटंल, मला काही येतच नाही. तो घाईनं म्हणाला, "एक इस्पिक."

दादांनी त्याच्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात तपास नव्हता. ते जरा वेळ आपली पानं न्याहाळत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "चार इस्पिक."

मग दादांनी आपली पानं मांडली. चांगली होती. तानाजीच्या हातात तेवढं नव्हतंच. हात एकामागून एक गेले. आप्पारावांनी एक्का टाकला, बाईंनी राणी, आणि शेवटी मोजलं तेव्हा चार इस्पिकला लागणाऱ्या दहा हातांत दोन कमी पडले. तानाजीचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"पानं नव्हती तर बोललास कावून?" दादांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

"वाटलं... लोक बघायलेत."

"लोकांकडं बघून बोलू नको. मी तुज्या बोलण्यावर चार म्हणालो." दादांनी गड्डी गोळा केली आणि त्याच्याकडं सरकवली. "वाट परत."

त्यानं वाटली. पुढच्या डावात त्याला काहीच आलं नाही, म्हणून तो "पास" म्हणाला. आणि त्याच्या पुढच्या डावात दादा दोन बदाम म्हणाले, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच आप्पारावांच्या बोटांकडं न बघता दादांच्या न दिसणाऱ्या पानांचा विचार केला. याच्याकडं काय असंल? सहा बदाम? एक्का? हा माणूस मला काय सांगायलाय? इतक्या वर्षांत दादांच्या मनाचा असा विचार त्यानं कधी केला नव्हता. त्यांच्या हुकमाचा केला होता, त्यांच्या रागाचा केला होता. त्यानं चांगला वेळ घेतला आणि "तीन बदाम" म्हणाला. यावेळी जमलं. अगदी काठावर, पण जमलं. दादांनी पान लावायला डबा पुढं ओढला.

दिवेलागणीला आप्पाराव उठले. बाईंना गाडीपर्यंत सोडायला दादा गेले. तानाजी चटई गुंडाळत होता, तेव्हा सटवा ओट्यावर चढून त्याच्या जवळ आला.

"काय ठरलं रं शेवटी?"

"काय ठरायचं? आमी हरलो."

"मला तरी सांग बे. पंचायत समितीचं का?"

तानाजीनं त्याच्याकडं बघितलं. सटवाच्या डोळ्यांत तीच नजर होती, जी त्यानं स्वतः क्लाससमोरच्या त्या सावलीत उभं राहून जाळीच्या दरवाजावर रोखली होती. समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि सांगून पटणारही नव्हतं.

"पुढच्या बुधवारी ये," तो म्हणाला. "बाईंना गुडघ्यामुळं लई वेळ बसवत न्हाई. कवातरी चौथा लागंल."

"मी? आप्पारावसंगं?" सटवा दोन पावलं मागं सरला. "मला काय येडं समजतो का?"

तो ओट्यावरून उतरून गेला. थोडं पुढं जाऊन दोघातिघांच्या घोळक्यात थांबला, आणि घोळक्यातल्या सगळ्यांनी एकदम मागं वळून तानाजीकडं बघितलं.